बाईंची आठी

अमडापूरच्या मुलींच्या शाळेत सिंधूबाई शिकवायला आल्या तेव्हा मी दुसरीत होते, आणि त्या आल्या त्या आठवड्यातच गावानं त्यांचं नाव ठेवून टाकलं: आठीवाली बाई. नावं ठेवण्यात आमचं गाव फार तत्पर. माणूस मोटारीतून उतरून पारापर्यंत पोचत नाही, तो त्याचं बारसं झालेलं असतं. बाईंच्या दोन भुवयांच्या मधे एक खोल आठी होती, सदानकदा, हसतानासुद्धा. त्यात चालायच्या ताठ. समोरून कोणी आलं तर बघायच्या त्याच्याकडेच, पण ओळख म्हणून द्यायच्या नाहीत. मग काय, बाई गर्विष्ठ आहे असं ठरलं आणि गाव आपल्या कामाला लागलं.

मी शालू. आता लोक शालूबाई म्हणतात, पण स्वभाव तोच. माझी आई रुखमाबाई म्हणायची, या पोरीच्या जिभेले हाड नाई. तेव्हा माझं सांगणं कडू लागलं तर घरी जाऊन चिमूटभर साखर खा. बाईंबद्दल गावात अजून कोणी वेडंवाकडं बोललं की माझं डोकं सणकतं, म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट सांगून टाकावं.

बाई एकट्या राहायच्या. मारुतीच्या देवळामागे एक खोली, पुढे पत्र्याची पडवी. गळ्यात मंगळसूत्र, कपाळाला ठसठशीत कुंकू, पण नवरा कोणी पाहिला नव्हता. म्हणजे टाकलेली. तेवढं कळलं की पुढचं गाव स्वतःच रचतं. आता आमच्याकडची एक रीत सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. बाईमाणूस भर बाजारात हाक मारत नाही. कोणाचा सासरा बसलेला असतो, कोणाचा दीर. ओळखीची बाई दिसली की लांबूनच मान हलवायची, डोळ्यांनीच विचारायचं, कशी आहेस. तीही डोळ्यांनीच सांगते, बरी आहे. अख्खा बाजार असा मुक्यानं बोलत असतो. माझ्या आईनं आठवडी बाजारात बाईंना मान हलवली, मग पुढच्या बाजारी चक्क हात केला. बाई आईकडे बघत बघत निघून गेल्या. आईनं घरी येऊन पिशवी आपटली.

"शिकलेली हाय म्हनून काय झालं वं? आमी काय मानसं नाई?" ती म्हणाली.

त्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बाईंना बोलावणं गेलं नाही. आईनं नाही केलं, म्हणून शेजारणीनंही नाही केलं. असंच एकेक दार बंद होत गेलं आणि ते कोणी मुद्दाम लावलं असंही म्हणता येत नव्हतं.

शाळा सुटल्यावर बाई पडवीत बसून वाचायच्या, पुस्तक अगदी नाकाला लावून. दिवेलागणीला बायका पाणी घेऊन तिकडून जायच्या. बोलत बोलत यायच्या आणि बाईंच्या दारापुढे आल्या की गप्प व्हायच्या. बाई मान वर करायच्या, आवाज आला होता त्या दिशेनं बघायच्या. पुढे काही आवाज आला नाही की पुन्हा पुस्तकात. बायका चार पावलं पुढे गेल्या की पुन्हा बोलायला लागायच्या. मी हे किती वेळा पाहिलं असेल. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही. 

वर्गात मात्र बाईंचं राज्य होतं. सगळं पाठ. पाढे पाठ, कविता पाठ, जिल्ह्यातल्या नद्या पाठ. फळ्यावर लिहिणं कमी, म्हणून घेणं जास्त. त्या खुर्चीवर बसत नसत. ओळींमधून फिरत राहायच्या आणि पाटीवर वाकून बघायच्या, इतक्या जवळ की त्यांच्या केसांतल्या खोबरेल तेलाचा वास यायचा. मागच्या ओळीत कोणी खुसखुस केली तर मान न वळवता नाव घेऊन दटावायच्या. आम्हाला वाटायचं, बाईंना पाठीला डोळे आहेत.

मी उंच, म्हणून मागे बसायचे. फळ्यावर काय लिहिलंय ते मला कधी दिसलं नाही. पण फळा म्हणजे काळी फळी आणि तिच्यावर मास्तर खडूचा हात फिरवतात, एवढाच त्याचा उपयोग, असं मी धरून चालले होते. कानानं ऐकायचं आणि म्हणायचं, यात मी पटाईत. त्यामुळे बाईंच्या वर्गात माझा पहिला नंबर. बाकी लगोरीत मला कोणी भिडू घेत नसे, कारण चेंडू अंगावर येऊन आपटला की मगच मला कळायचं. पोरी म्हणायच्या, शाली बावळट आहे. मीही म्हणायचे, असेन.

मी चौथीत गेले त्या पावसाळ्यानंतर शाळेत डोळे तपासायचं निघालं. जिल्हा परिषद तेव्हा अजून नवीच होती, तिचं रोज काहीतरी नवं निघायचं. आरोग्य केंद्राचे खेर्डेकर डॉक्टर येणार म्हणून अक्षरांचा तक्ता आदल्या दिवशीच शिपायाबरोबर आला. शिपायानं तो कुठे ठेवायचा म्हणून आमच्या वर्गात खिळ्याला अडकवून दिला. आता आम्ही बाईंच्या तालमीतल्या पोरी. भिंतीवर अक्षरं दिसली की ती म्हणायची असतात, एवढंच आम्हाला ठाऊक. गीता म्हणून माझी मैत्रीण होती, तिनं जवळ जाऊन वाचायला सुरुवात केली आणि आम्ही तिच्यामागे म्हणायला. ट. ग प. र स ल. शाळा सुटेपर्यंत त्याला चाल लागली होती. आम्हाला वाटलं, उद्या डॉक्टर हेच विचारणार.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. तरुण माणूस, बोलायला मऊ. तक्ता ओसरीच्या एका टोकाला टांगला. दुसऱ्या टोकाला चुन्याची रेघ मारली. मुलीनं रेघेवर उभं राहायचं, एक डोळा झाकायचा आणि वाचायचं. डॉक्टर तक्त्याजवळ छडी घेऊन उभे. बाई रेघेवर, मुलींचा डोळा तळहातानं झाकायला.

पहिली गीता. डॉक्टरांनी छडी टेकवायचा अवकाश, ती सुटलीच. ट. ग प. र स ल. बाईंनी मान वर करून तक्त्याकडे बघितलं. मग गीताकडे बघितलं. कपाळावरची आठी अशी घट्ट झाली की आम्ही सगळ्या सावरून बसलो.

"पाठ म्हणू नकोस," बाई म्हणाल्या. "दिसतं तेवढंच सांग."

"दिसते ना बाई," गीता म्हणाली.

"खोटं बोलू नकोस."

"खरंच दिसते बाई. शपथ."

बाईंनी तिचा हात पुढे घेतला आणि पट्टी मारली. गीता रडत बाजूला झाली. दुसरी आली, तिनंही घडाघडा म्हटलं. तिलाही पट्टी. तिसरी तर आधीच रडत आली आणि रडत रडत सगळ्या ओळी म्हणून गेली. डॉक्टर तिकडून "बाई, अहो बाई" करत होते, पण बाईंचा राग काही ऐकण्यातला नव्हता. त्यांना खोटं मुळीच खपत नसे, आणि इथे तर अख्खा वर्ग परक्या माणसासमोर खोटं बोलत होता.

मग मी. सांगते, मला तक्ता सगळ्यांपेक्षा चोख पाठ होता. उलटासुद्धा म्हटला असता. पण डोळ्यासमोर पट्टी होती. मी तिकडे बघितलं तर एक पांढरं काहीतरी लोंबत होतं. भीतीनं जे होतं ते बोलून गेले.

"बाई, मले काईच नाई दिसत. नुसता कागद दिसते."

बाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "शाबास," त्या म्हणाल्या, आणि मग वर्गाकडे वळून मोठ्यानं, "ही एकटी खरं बोलली. ऐकलंत? ही एकटी."

खरं बोलल्याबद्दल अख्ख्या जन्मात मला मिळालेली ती एकच शाबासकी. पुढे खरं बोलून मी फक्त शिव्याच खाल्ल्या.

बाई डॉक्टरांना म्हणाल्या, "यांनी काल तक्ता पाठ केलाय, डॉक्टर. माझीच चूक, मी पाठांतराची सवय लावलीय. नाहीतर इथून कोणाला दिसणार आहे?"

 डॉक्टरांनी तक्ता खिळ्यावरून काढला, खालचं टोक वर करून उलटा टांगला आणि छडी मधल्याच एका अक्षरावर ठेवली. गीताला विचारलं. गीता डोळे पुसत, मान वाकडी करून म्हणाली, "उलटा स हाय." दुसरीकडे छडी ठेवली. "उलटा प." तिला विचारावं ते ती सांगत गेली. छडीचा टक्‌टक् आवाज ऐकू येत होता.

मग डॉक्टरांनी तक्ता पुन्हा सुलटा केला आणि हळूच विचारलं, "बाई, तुम्हाला वरचं मोठं अक्षर दिसतंय का?"

"कुठलं अक्षर?" बाई म्हणाल्या.

कोणी हसलं नाही. बाई रेघेवरून निघाल्या आणि तक्त्याकडे चालायला लागल्या. सावकाश, मधेमधे थांबत. ओसरीचं अर्धं अंतर गेल्यावर थांबल्या, पुन्हा थोडं पुढे गेल्या. तिथे त्यांना ट दिसला असणार. आमच्याकडे पाठ होती, त्यामुळे चेहरा कळला नाही.  मग त्यांनी गीताला जवळ बोलावलं आणि तिचा लाल झालेला हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

"तुला माझा चेहरा किती लांबून ओळखू येतो?" त्यांनी विचारलं.

गीता घाबरली. काय उत्तर दिलं तर मार बसणार नाही, हे तिला कळेना. "लयच लांबून येते बाई. तुमी देवळापाशी असल्या तरी येते. तुमच्या कपायावरची आठीबी दिसते."

"आणि विहिरीवर उभं राहिलं, बांधावरून माणूस येत असला, तर तो कोण ते ओळखू येतं?"

"हाव."

"सगळ्यांना?"

"सगळ्याइलेच येते बाई. शाली सोडून."

बाईंनी तिचा हात सोडला आणि त्या वर्गात निघून गेल्या. उरलेल्या मुलींचे डोळे डॉक्टरांनी शिपायाकडून झाकवून तपासले. विहीर काय, बांध काय, आम्हाला कोणालाच काही कळलं नव्हतं.

कळलं ते चार दिवसांनी, आमच्याच घरात. मला आणि बाईंना, दोघींना बुलढाण्याच्या डोळ्यांच्या दवाखान्यात दाखवा असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. माझे वडील पुंजाजी. माणूस चांगला, पण एकदा नाही म्हणाला की बैलासारखा बसायचा. त्यांनी साफ नाही म्हटलं. पोरीच्या नाकावर चष्मा बसला तर तिले पत्करन कोन, हा त्यांचा सवाल. संध्याकाळी बाई आमच्या दारात उभ्या. गावात आल्यापासून त्या कोणाच्या घरी गेल्या नव्हत्या. आईनं पाट टाकला, पण टोमणा मारल्याशिवाय राहिली नाही.

"आज कशी वाट चुकल्या बाई?"

"वाट आत्ता सापडली म्हणा," बाई म्हणाल्या. मग वडिलांकडे न बघता, आईकडे बघून त्यांनी सांगितलं. आवाज एकसारखा, वर्गात धडा सांगावा तसा.

त्यांचं सासर रोहिणखेडचं. घर शेतीवाडीचं, बऱ्यापैकी मोठं. सासरे उकंडराव, गावात त्यांच्या शब्दाला वजन. घरच्या सुना शेताच्या विहिरीवर पाणी भरायच्या, धुणं धुवायच्या. बांधावरून सासरे येताना दिसले की जावा लांबूनच डोक्यावर पदर ओढून पाठमोऱ्या व्हायच्या. सिंधूला नवल वाटायचं, या सगळ्यांना एकदम चाहूल लागते कशी. तिला तर बांध म्हणजे एक हिरवट पट्टा दिसायचा. ती चपलेच्या आवाजावर राहायची. चप्पल करकरली की पदर घ्यायचा. पण तोवर सासरे पुढ्यात आलेले असायचे. एकदा झालं, दोनदा झालं. सासूनं समज दिली. मग एकदा नांगरलेल्या मऊ रानातून सासरे पाहुण्यांना घेऊन आले. पावलांचा आवाजच नाही. सिंधू नुकती नाहून, केस मोकळे सोडून, उघड्या डोक्यानं उभी होती, जावेशी हसत होती आणि सरळ त्यांच्याकडे बघत होती. पाहुण्यांदेखत. त्याच आठवड्यात तिला माहेरी पोचवलं. दिवाळीला नेऊ म्हणाले. नेलं नाही. पुढे नवऱ्यानं दुसरी केली.

"मला गर्व आहे म्हणाले," बाई म्हणाल्या. "मी पण तेच धरून बसले, की माझ्यातच काही वाईट आहे. सगळ्यांना माझ्याइतकंच दिसतं असं मला वाटायचं, रुखमाबाई. जावा हुशार आणि मी बावळट, एवढंच. हे त्या पोरीच्या वाट्याला येऊ देऊ नका."

वडील उठून गोठ्यात गेले. बैल सोडायचा नव्हता, बांधायचा नव्हता, पण गेले. आईनं चहाचं आधण ठेवलं आणि चुलीकडे तोंड करूनच म्हणाली, "म्या तुमाले हात केला व्हता. बाजारात."

"हाक मारायची होती," बाई म्हणाल्या.

"बाजारात कशी हाक मारू वं माय?"

"हो. तेही आहेच."

 चहा उतू गेला तेव्हा आई भानावर आली. बाई निघाल्या तेव्हा वडिलांनी गोठ्यातूनच आवाज दिला, "घेऊन जा तिले बुलढान्याले."

पुढचं थोडं आधीच सांगून टाकते. बाईंचा चष्मा आला म्हणून गाव काही बदललं नाही. आई तेवढी त्यांना बोलवायला लागली. बाकीच्यांनी ऐकलं, चुकचुकल्या, आणि पुन्हा आपल्या वाटेनं. एकदा पडलेलं नाव पुसायचे कष्ट कोण घेतो? आठी तर चष्म्यावरही दिसायची, इतकी वर्षं कोरलेली रेघ जाते होय? बाईंची बदली मग संग्रामपूरकडे झाली, पुढे आणखी कुठे कुठे. जिथे गेल्या तिथे एकट्याच राहिल्या. पण शाळा उघडली की पहिल्या आठवड्यात ओसरीवर चुन्याची रेघ मारायच्या आणि एकेक पोर उभं करायच्या. आणि तक्ता कधीच आदल्या दिवशी बाहेर काढायच्या नाहीत. त्यांनी किती पोरांचे डोळे असे हुडकले कोण जाणे. मला नंतर भेटल्या त्या त्यांतल्या काही जणी, नाकावर चष्मा आणि तोंडात बाईंचं नाव.

तर, चष्मे आणायला आम्ही दोघी बुलढाण्याला गेलो तो दिवस. डोळ्यांत औषध घालून तपासणी आधीच झाली होती. दुकानदारानं आधी माझ्या कानाला दांड्या अडकवल्या, मग बाईंनी आपला लावला. मी बाहेर आले आणि वेडीच झाले. पाटी दिसली की वाच. किराणा, सायकल दुरुस्ती, कापड, सलून. मोठमोठ्यानं. लोक वळून बघत होते. बाईंनी मला दटावलं, "शाले, गप बस. गाव काय म्हणेल?" त्या स्वतः मोटार स्टँडवर बाकावर बसून माणसं बघत होत्या. नुसती बघत होत्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "लांबची माणसंसुद्धा तोंडं करतात गं. हसतात, रागावतात. मला वाटायचं, जवळ आल्यावरच करतात."

चिखलीची, म्हणजे आमच्या परतीच्या वाटेची मोटार लागली. मी उठले. बाई उठल्या नाहीत. मोताळ्याकडची, उलट दिशेची, लागली तेव्हा म्हणाल्या, "चल. आणखी एक गाव करून येऊ."

मोटारीत मी विचारलं कुठे चाललो, तेव्हा त्यांनी सरळ सांगितलं, रोहिणखेडला. पोर म्हणून लपवलं नाही. "मला तिथे परत नांदायचं नाही. फक्त मामंजींना एकदा कळायला पाहिजे, की मला गर्व नव्हता. एवढंच. मग मला झोप लागेल."

मामंजी म्हणजे सासरे. रोहिणखेड आलं, गावची जुनी मशीद दिसली तशा बाई म्हणाल्या, "हिला कमानी आहेत होय." नांदत होत्या तेव्हा त्यांनी तो नुसता काळा ढीग पाहिला होता. आम्ही गावात न जाता शेताच्या वाटेनं गेलो. विहीर, विहिरीवर एक म्हातारी पाणी शेंदत होती, पलीकडे बांध, आणि बांधाच्या त्या टोकाला घर. दुपार कलली होती. बाई विहिरीपाशी उभ्या राहिल्या. म्हातारीनं निरखून बघितलं आणि तिच्या हातातला दोर थांबला. तिनं ओळखलं होतं. ती घरची जुनी कामकरीण, भिमाबाई.

बांधावर एक म्हातारा दिसला. पांढरं धोतर, पांढरी टोपी, हातात काठी.

"ते बघ मामंजी," बाई मला म्हणाल्या.  एवढ्या लांबून त्यांनी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं होतं. त्यांनी डोक्यावर पदर घेतला, नीट कपाळापर्यंत ओढला, पाठमोऱ्या झाल्या, मान खाली घातली. अगदी घरंदाज सुनेनं व्हावं तशा. आता सासऱ्यांनी ते पाहायचं होतं.

म्हातारा जवळ आला. काठीनं जमीन चाचपत. बाईंच्या हाताच्या अंतरावरून तसाच पुढे गेला. मग थबकला. त्याला कोणीतरी उभं असल्याचं जाणवलं. त्यानं मान वळवली तेव्हा मी त्याचे डोळे पाहिले. दोन्ही पांढरेफट्ट.

"आबाले दिसत नाई आता," भिमाबाई हलक्या आवाजात बाईंना म्हणाली. "मोतीबिंदू हाय. दवाखान्यात जा म्हनलं तं आयकत नाई."

"कोन हाय वं इहिरीवर?" म्हाताऱ्यानं विचारलं.

बाई गप्प. सून सासऱ्याशी बोलत नाही. रीत म्हणजे रीत, आणि आज त्यांना ती तिळभरही मोडायची नव्हती. पदर डोक्यावर, मान खाली, तोंडातून शब्द नाही. मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांच्या कपाळावरची आठी पदराखाली आणखी खोल गेली होती.

"इचारून राह्यलो ना, कोन हाय? आंधया मानसासंगं बोलाले बी जड जाते का? लय गर्व दिसते."

मला रडूच आलं. बाईंनी डोळे मिटले, उघडले, आणि त्या वळल्या.

"मामंजी, मी सिंधू."

"कोनती सिंधू? आवाज वयखीचा नाई."

कसा असेल? नांदल्या तेवढे दिवस त्यांनी या माणसासमोर एक शब्द उच्चारला नव्हता. बाई आता शाळेची भाषा विसरल्या होत्या, माहेरच्या बोलीत बोलत होत्या.

"तुमच्या घरी नांदत व्हती. पयली. मले तवा दिसत नव्हतं, मामंजी. डोये कमजोर व्हते. तुमी बांधावरून आले तं कोनी आलं हेच मले समजत नव्हतं. म्हनून पदर नाई घेतला. गर्व नव्हता मले."

म्हातारा काठीवर दोन्ही हात ठेवून उभा राहिला.  भिमाबाईची बादली विहिरीत अर्ध्यावर लोंबत होती.

"तवाच काऊन नाई सांगतलं?"

"तवा मलेच ठाऊक नव्हतं. अन् ठाऊक असतं तरी तुमच्यासंगं बोलता कोठं येत व्हतं?"

"मलेबी लोक म्हनतात आता," म्हातारा म्हणाला. "पारापासून जातो तं कोनाले रामराम करत नाई. म्हनतात, उकंडराव मातला." मग थोडं थांबून, "पदर घेतला हाय काय आता?"

"हाव."

"बरं," तो म्हणाला. त्याचा हात थोडा वर आला आणि पुन्हा काठीवर गेला. "उन्हाची उभी राहू नको."

आणि तो मागे फिरून घराकडे निघाला. घरी चल, असं म्हणाला नाही. म्हणणार तरी कसं, घर आता भरलेलं होतं. बाई ज्यासाठी आल्या होत्या ते त्यांना मिळालं होतं, आणि त्याचं पुढे काही करता येण्यासारखं नव्हतं. आम्ही त्याच्याकडे बघत राहिलो. तो चाचपत चाचपत बांधाच्या टोकाकडे जात होता. घराच्या दारातून एक बाई बाहेर आली. म्हातारा अजून बराच अलीकडे होता, तरी तिनं झटकन डोक्यावर पदर ओढला, मग खाली येऊन त्याच्या काठीचं टोक धरलं आणि त्याला आत नेलं. हे सगळं आम्हाला विहिरीवरून लख्ख दिसलं.

"पदर घेतला तिनं," बाई म्हणाल्या. "त्यांना दिसत नाही, तरी घेतला."

 भिमाबाईनं प्यायला पाणी दिलं, ते आम्ही प्यालो आणि मोटारीच्या रस्त्याला लागलो.

परतीच्या मोटारीत बाई खिडकीशी बसल्या. मी त्यांच्या शेजारी, तोंड शिवल्यासारखी.  गावं मागे जात होती, दुकानं, शाळा, मैलाचे दगड, सगळ्यावरची अक्षरं स्वच्छ दिसत होती. आम्ही दोघी गप्प होतो, जशा त्या पाणी आणणाऱ्या बायका बाईंच्या दारापुढे गप्प व्हायच्या.

बाईंनी माझ्याकडे वळून बघितलं. चष्म्याच्या आत डोळे भरलेले होते.

"गप्प का झालीस गं?" त्या म्हणाल्या. "वाच ना पाट्या. मोठ्यानं वाच."

मग मी चिखलीपर्यंत एकेक पाटी मोठ्यानं वाचत आले.